तवंग (भाग ६) : वातीचं शास्त्र

घरात दोन प्रकारचा कापूस असतो. एक देवघरात, वाती वळायला. दुसरा औषधांच्या डब्यात, निळ्या कागदात गुंडाळलेला. दोन्हींचे चिमूटभर बोळे वाटीभर पाण्यात टाकून बघा. औषधाचा कापूस बघताबघता तळाला जातो; त्याने दहा सेकंदांच्या आत बुडावं, असा औषधकोशाचा दंडकच आहे. वातीचा कापूस नुसता सरकी काढलेला, न धुतलेला असेल तर तरंगत राहतो. आता त्याच पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडा. तरंगणारा बोळा तेल ओढून घेईल आणि पाण्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

गेल्या आठवड्यात आपण समुद्रावर सांडलेलं तेल तरंगत्या कुंपणाने अडवणं आणि यंत्राने ओढून घेणं पाहिलं. यंत्राच्या तावडीतून सुटतं ते टिपायला जे पदार्थ वापरतात, त्यांचं सगळं मर्म या वाटीत आहे.

कापसाच्या धाग्यावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. वजनाने बघायला गेलं तर जेमतेम एक टक्का, पण धाग्याचा स्वभाव तोच ठरवतो. औषधाचा कापूस करताना कॉस्टिक सोड्यात उकळून हे मेण काढून टाकतात, म्हणून तो पाणी पितो. मेण असलेल्या धाग्यावर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावर बसावं तसं थेंब होऊन बसतं. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तर बहुतेक तेलांचा २० ते ३५च्या दरम्यान. त्यामुळे पाणी स्वतःलाच धरून राहतं आणि तेल धाग्यावर सहज पसरतं. एकदा पसरलं की धाग्यांमधल्या बारीक फटी त्याला आत खेचतात. वात तेल वर चढवते तीही याच केशाकर्षणाने.

अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार यांनी न धुतलेल्या कापसावर प्रयोग केले. एक किलो कापूस तीस किलोहून अधिक कच्चं तेल धरू शकतो, असं त्यांच्या गटाला आढळलं. गंमत अशी की या कामाला पुरता न पिकलेला, सूतगिरणी नाक मुरडेल असा कापूस अधिक सरस ठरला. हे वाचून विदर्भातल्या कुणी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक, राखायचं मनात आणू नये. तेलगळती काही दर हंगामाला होत नाही, आणि बोंडअळी मात्र होते.

कापसाच्याही वरचढ आहे पांढऱ्या सावरीचा कापूस. आपण तो उशीत भरतो. त्याचा धागा आतून पोकळ आणि बाहेरून मेणकट असल्याने तो बुडता बुडत नाही. जहाजांवरच्या जुन्या जीवरक्षक जाकिटांत तोच भरलेला असे. पण धंद्यात जिंकलं ते पॉलिप्रॉपिलीन. वितळवून, गरम हवेच्या झोताने केसाहून बारीक तंतू उडवायचे आणि त्यांचं जाजम करायचं. करोनाच्या मास्कमधला मधला थर हाच. तो पाण्याहून हलका आहे, कुजत नाही आणि वजनाच्या दहापट किंवा अधिक तेल सहज धरतो. गोदामात पांढऱ्या चौकोनांची चळत दिसली तर ती फक्त तेलासाठी; करडी असेल तर पाण्यासकट सगळं पिणारी. गळती पाण्यावर असेल आणि हाती करडी चळत आली, तर ती आधी समुद्र पीत बसते.

इथवर सगळं छान वाटतं. आता हिशेब करू. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. दहापट शोषणारा पदार्थ धरला तरी ८० टन माल हवा. तो पसरायचा आणि मग तेल पिऊन ८८० टन झालेला ओला, निसरडा ढिगारा, भर पावसाळ्यात, वेचून परत आणायचा. त्यात वाळू आणि पाण्याचं वजन धरलेलंच नाही. तेल टिपणं सोपं आहे. टिपलेलं उचलणं हे खरं काम. म्हणून मोठ्या गळतीवर हे पदार्थ पहिलं हत्यार कधीच नसतात. सुटा भुसा किंवा सुटे तंतू कांदळवनात फेकणं तर मला गुन्ह्यासारखंच वाटतं. चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांत ते अडकतात आणि माणूस आत शिरून काढू लागला की तेल पायांनी आणखी खोल जातं. शिवाय जहाजांचं जड इंधन गार झालं की काकवीसारखं होतं. ते धाग्यांच्या फटीत शिरतच नाही, नुसतं बाहेरून माखतं. डिझेलचं नेमकं उलट: झटकन आत जातं आणि गठ्ठा उचलताच ठिबकून परत पाण्यात येतं.

२०२० साली मॉरिशसमध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर चढलं आणि ६ ऑगस्टपासून सुमारे हजार टन तेल गळलं. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असलेल्या आणि आपल्या कोकणातून गेलेल्या कुटुंबांची वस्ती असलेल्या या बेटावर लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरलं, तरंगायला प्लॅस्टिकच्या बाटल्या लावल्या आणि मैलोगणती लांब दोर शिवले. काहींनी केस कापून दिले. पाचट तेलाइतकंच पाणीही पितं, भिजलं की जड होतं. टिपकागदापेक्षा बांध म्हणूनच ते जास्त उपयोगी. तरी एक गोष्ट त्यांनी अचूक केली. पाचट सुटं फेकलं नाही, कापडात बांधलं. बांधलेलं परत ओढून आणता येतं.

आपल्या रस्त्यावरची गळती लहान असते, नियम तोच. घाटात टँकर कलंडला की अग्निशमन दलाची माणसं माती पसरतात, ते दुचाकी घसरू नयेत म्हणून. ती माती नंतर झाडून उचलली नाही तर पहिल्या पावसात तेलासकट ओढ्यात जाते. पेट्रोल असेल तर भुसा घेऊन धावूच नका. शोषलेलं पेट्रोलही पेटतंच, वाफ तशीच निघत राहते. लांब उभं राहून अग्निशमन दलाला बोलवा. आणि पाण्याचा पाइप कुणी लावत असेल तर थांबवा. पाण्याने तेल जात नाही, फक्त पुढच्या गल्लीत जातं.

गॅरेजमधल्या तेलकट चिंध्या २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात, हे फार थोड्या गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे. थंडीत त्यांची शेकोटी होते, आणि फरशीवरचं तेल टिपलेला भुसा गटारीत लोटला जातो. पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा त्यांना एवढंच विचारा: हा भुसा कुठे जातो?