गोलाचा राखणदार

आपल्या कारंज्याहून शकुंतला गाडी दारव्ह्यावरून यवतमाळला जात असे. त्याच यवतमाळचा आकाश चिकटे, हॉकीतला गोलरक्षक. शेताला जसा राखणदार, तसा गोलाला गोलरक्षक. दहा गडी पुढे धावतात. हा एकटाच मागे उभा. तो चुकला, की गोल झालाच!

सन २०१६. मलेशियात क्वांतान गावी आशियाई करंडकाचे सामने होते. नेहमीचा गोलरक्षक श्रीजेश दुखापतीने बाहेर बसला. ३० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, पाकिस्तानशी शेवटचा सामना. चोवीस वर्षांचा आकाश गोलात उभा राहिला. भारताने दोन गोल केले. पाकिस्तानने दोन्ही फेडले. आता हो काय? निक्किन थिमय्याने तिसरा गोल मारला. मग पाकिस्तानला गोल करता आला नाही. भारत जिंकला.

आम्ही म्हणतो, पाळी कधी येईल ते सांगून येत नाही. तयारी मात्र रोजची हवी.