कचेरीचे सामायिक दप्तर आणि संगणकाची कार्यप्रणाली

तालुक्याच्या शिक्षण कचेरीत किंवा केंद्रशाळेत चार-सहा संगणक असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. परंतु त्या सर्व यंत्रांचे मिळून दप्तर एकच असावे, हे मात्र थोड्याच ठिकाणी साधलेले दिसते. शिष्यवृत्तीची यादी एका लिपिकाकडे ‘अंतिम’ या नावाने, दुसऱ्याकडे ‘अंतिम दुरुस्त’ या नावाने आणि पेनड्राइव्हवर तिसऱ्याच रूपात नांदत असते. प्रस्तुत लेखक पूर्वी ज्या कचेरीत होता, तेथे एके वर्षी यांतील जुनी यादी वर गेली आणि मागाहून घातलेली दोन मुलींची नावे राहून गेली. चूक ध्यानी येईतो मुदत टळली होती. दोष कोणा एकाचा म्हणता येईना. एकाच कागदाच्या तीन प्रती तीन ठिकाणी वाढत होत्या.

यावर उपाय असा की, फाइल एकाच यंत्रावर ठेवावी आणि इतरांनी कचेरीतील जाळ्यातून ती तेथेच उघडावी. एकाने तक्ता उघडला असता दुसऱ्यास तो बहुधा वाचण्यापुरताच मिळतो, त्यामुळे प्रती फुटत नाहीत. या मुख्य यंत्रावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, घालावी हा पुढील प्रश्न होय.

पुष्कळांची समजूत अशी की, यासाठी ‘सर्व्हर’ नावाची प्रणालीच विकत घ्यावी लागते. ती समजूत बरोबर नाही. विंडोज ११ प्रो या साध्या प्रणालीच्या परवान्यातच इतर २० उपकरणांना फाइल व छपाई यांसाठी त्या यंत्राशी जोडून घेण्याची मुभा आहे. याउलट विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना कमीत कमी १६ कोअरचा घ्यावा लागतो, आणि शिवाय प्रत्येक वापरणाऱ्यामागे अथवा यंत्रामागे प्रवेशाचा निराळा परवाना लागतो. जेथे शंभर-दीडशे कर्मचाऱ्यांची खाती एका जागेवरून सांभाळावयाची आहेत, तेथे हा खर्च सार्थ ठरेल. सहा यंत्रांच्या कचेरीस त्याचे प्रयोजन नाही.

तिसरा मार्ग लिनक्सचा. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ साली ‘सांबा’ या प्रणालीचा आरंभ केला. विंडोजची यंत्रे परस्परांकडे ज्या रीतीने फाइली मागतात, ती एसएमबी नावाची रीत सांबा जाणते. त्यामुळे मुख्य यंत्रावर लिनक्स आहे, याचा लिपिकास पत्ताही लागत नाही. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती विनामूल्य असून आपल्या सी-डॅकने केलेली ‘बॉस’ तिच्यावरच आधारलेली आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या जुन्या यंत्रांस विंडोज ११ चालत नाही, त्यांपैकी एखादे या कामी उत्तम लागू पडते.

येथे आपल्या भाषेपुरती एक अडचण आहे व ती पुस्तकांत सहसा सांगितलेली नसते. लिनक्सच्या नेहमीच्या ‘एक्स्ट-४’ मांडणीत फाइलीचे नाव २५५ बाइटांपुरतेच असू शकते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे काना, मात्रा, हलन्त हे सर्व वेगवेगळे मोजून सुमारे ८५ चिन्हांतच नाव आटोपले पाहिजे. विंडोजमध्ये हीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे. परिपत्रकाचा संपूर्ण विषयच फाइलीचे नाव म्हणून लिहिण्याची आपल्याकडे जी चाल आहे, तिच्यामुळे अशा फाइली नव्या यंत्रावर उतरतच नाहीत. यास्तव नावे आधी आखूड करून घ्यावीत.

तरीही निवड करताना किमतीहून बदलीचा विचार अधिक करावा, असे आमचे मत आहे. लिनक्स जाणणारा एखादा उत्साही शिक्षक सर्व मांडून देतो आणि पुढील जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यास जातो. मग त्या यंत्रास हात लावण्यास कोणी धजत नाही. जेथे असे जाणते निदान दोघे नाहीत, तेथे विंडोज प्रोच घ्यावी. कोणतीही प्रणाली घेतली तरी मांडणीचे टिपण वहीत लिहून ठेवावे आणि मुख्य पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखांकडे द्यावा.

जुने यंत्र जोडता यावे म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती चालू करण्याचा मोह काही ठिकाणी होतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव त्याच आवृत्तीतील दोषातून जगभर पसरला. त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण अनेकांनी ती घातलीच नव्हती. तेव्हा ती आवृत्ती बंदच असू द्यावी, आणि प्रत्येकास निराळे नाव व पासवर्ड द्यावा.

मुख्य यंत्र कोणाच्याही रोजच्या टेबलावर नसावे. नाहीतर साडेपाचला तो गृहस्थ यंत्र बंद करून घरी जातो आणि उरलेल्यांचे काम अडते. यंत्रास यूपीएस असावा. दर शनिवारी सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी, आणि महिन्यातून एकदा तिच्यावरील दोन-चार फाइली खरोखर उघडून पाहाव्यात.