हरित हायड्रोजनसाठी कोणाचे पाणी?

आंध्र प्रदेशात विशाखापट्टणम येथे ८ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ज्या प्रकल्पांची पायाभरणी झाली, त्यांत अनकापल्ली जिल्ह्यातील पुडिमडका या किनारी गावाजवळच्या हरित हायड्रोजन संकुलाचा समावेश होता. एनटीपीसीच्या उपकंपनीमार्फत उभारल्या जाणाऱ्या या संकुलातील अपेक्षित गुंतवणूक सुमारे १ लाख ८५ हजार कोटी रुपयांची आहे. दररोज १५०० टन हायड्रोजन आणि त्यापासून बनणारी ७५०० टन अन्य उत्पादने, असे त्याचे लक्ष्य आहे. भाषणांत आणि बातम्यांत गुंतवणूक, रोजगार व निर्यात यांची चर्चा भरपूर झाली. या कारखान्याचा मूळ कच्चा माल मात्र पाणी आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

हरित हायड्रोजन म्हणजे सौर वा पवन विजेच्या साह्याने पाण्याचे घटक वेगळे करून मिळवलेला हायड्रोजन. रसायनशास्त्राचा हिशेब सरळ आहे: एक किलो हायड्रोजनसाठी नऊ लिटर शुद्ध पाणी. प्रत्यक्षात कच्चे पाणी शुद्ध करताना होणारी घट आणि यंत्रे थंड ठेवण्याचा खर्च यांमुळे ही गरज वाढते. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या २०२३ च्या अहवालाने ती तंत्रज्ञानानुसार साधारण १७ ते २२ लिटर धरली आहे. सरासरी २० लिटर मानले, तर दररोज १५०० टनांसाठी तीन कोटी लिटर पाणी लागेल. माणशी १३५ लिटर या शहरी निकषाने सव्वादोन लाख वस्तीच्या शहराची ही रोजची गरज झाली.

आकडा लहान, प्रश्न मोठा

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी १९ हजार ७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमता आणि त्यासाठी सव्वाशे गिगावॉट नवी नवीकरणीय वीज, हे त्या वेळी जाहीर झालेले उद्दिष्ट. वरच्याच प्रमाणाने या ५० लाख टनांना वर्षाकाठी दहा कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन टीएमसी पाणी लागेल. उजनी धरणाचा उपयुक्त साठा ५३ टीएमसीहून अधिक आहे, हे लक्षात घेतले तर देशाच्या पातळीवर ही मागणी किरकोळ ठरते. पूर्ण वर्षभर चालणाऱ्या चार हजार मेगावॉटच्या कोळशावरील वीज केंद्रांना जवळपास एवढेच पाणी लागते. त्यामुळे हायड्रोजन देशाचे पाणी पिऊन टाकील, ही भीती निराधार आहे.

परंतु पाणी देशाच्या सरासरीवर चालत नाही. ते विशिष्ट खोऱ्यातून, विशिष्ट महिन्यात आणि कोणाच्या तरी वाट्यातून येते. स्वस्त सौर वीज जेथे मुबलक आहे, त्या राजस्थान, गुजरात व तमिळनाडूच्या अनेक भागांत पाण्याचे दुर्भिक्ष जुने आहे. राजस्थानात तर भूजलाचा वार्षिक उपसा पुनर्भरणाच्या जवळपास दीडपट आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अतिशोषित क्षेत्रांत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग वगळता नव्या उद्योगांना भूजलाचा परवाना मिळत नाही. तेव्हा अशा ठिकाणी कारखान्याची नजर कालव्याकडे आणि धरणाकडे वळणार, हे उघड आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून, हा प्रश्न तेथे म्हणीपुरता राहत नाही.

औष्णिक केंद्रांचा धडा

हे सारे देशाने एकदा अनुभवले आहे. बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी २०१३ मध्ये बंद करावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. मराठवाड्याच्या दुष्काळाचे उदाहरण अपवादात्मक मानावे, तर मार्च २०१६ मध्ये थेट गंगेच्या पाण्यावर उभे असलेले पश्चिम बंगालमधील २१०० मेगावॉटचे फरक्का केंद्र कालव्याची पातळी घसरल्याने थंडावले. कोळसा होता, यंत्रे होती, मागणी होती. घोडे पेंड खाल्ले ते पाण्यापाशी.

दुसरा धडा राजकीय आहे. महाराष्ट्राच्या २००३ च्या राज्य जलनीतीने पाणीवाटपात उद्योगाला शेतीच्या आधीचे स्थान दिले होते. त्या काळात उच्चाधिकार समितीमार्फत सिंचनाचे पाणी बिगरसिंचन वापराकडे वळवण्याचे निर्णय झाले. अमरावतीजवळच्या औष्णिक प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून विदर्भात आंदोलन पेटले आणि वाद न्यायालयातही गेला. अखेर २०११ मध्ये राज्याने प्राधान्यक्रम बदलून शेतीला उद्योगाच्या वर आणले. मात्र त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला आणि आधीच्या वाटपांना संरक्षण दिले. शेतकऱ्याला तत्त्व मिळाले, आधी वळवलेले पाणी उद्योगाकडेच राहिले.

विचारणार कोण?

नव्या उद्योगाच्या बाबतीत ही चूक टाळायची, तर पाण्याचा प्रश्न मंजुरीच्या आधी कोणीतरी विचारला पाहिजे. सध्याच्या रचनेत तो कोण विचारणार, हेच स्पष्ट होत नाही. पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये हरित हायड्रोजन व हरित अमोनिया प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालील पूर्व पर्यावरणीय मंजुरीतून सूट दिली. धूर नाही, घातक कचरा नाही, मग विलंब कशाला, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे. परंतु पाणी कोठून आणणार, त्याचा स्थानिक परिणाम काय होणार, हे लेखी विचारण्याची आणि जनसुनावणीत गावकऱ्यांनी बोलण्याची जागा हीच होती. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती अजूनही लागते. पण तिचा मुख्य रोख बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यावर असतो, आत येणाऱ्या पाण्यावर नव्हे.

केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेली ‘हरित’ हायड्रोजनची व्याख्या या दृष्टीने बोलकी आहे. एक किलो हायड्रोजनमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइडएवढ्या उत्सर्जनाची मर्यादा तिने घातली आणि त्या हिशेबात पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी ऊर्जाही धरली. पाणी शुद्ध करताना किती कर्ब सुटला, हे मोजले जाते. ते पाणी कोणाच्या कालव्यातून आले, हे मोजले जात नाही.

यामागे घटनेतील अधिकारांची विभागणी आहे. वीज समवर्ती सूचीत, तर पाणी आंतरराज्य नद्यांबाबतचे केंद्राचे अधिकार वगळता राज्यसूचीत येते. अभियान, निविदा आणि प्रोत्साहनपर अनुदान दिल्लीतून ठरते. पाणी राज्याच्या जलसंपदा विभागाने द्यायचे असते. गुंतवणूक खेचण्याच्या स्पर्धेत उतरलेली राज्ये पाण्याचे आश्वासन सहज देतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण आणून २०३० पर्यंत वर्षाला पाच लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. त्याला लागणारे सुमारे एक कोटी घनमीटर पाणी फार नाही. पण ते कोकण किनाऱ्यावरून येणार की गोदावरी-भीमेच्या तुटीच्या खोऱ्यांतून, यावर त्याचा अर्थ ठरेल.

समुद्र आणि सांडपाणी

पर्याय नाहीत, असे मुळीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने कांडला येथील दीनदयाल, तुतीकोरिनचे व्ही. ओ. चिदंबरनार आणि पारादीप या तीन बंदरांना हरित हायड्रोजन केंद्रे म्हणून मान्यता दिली. तिन्ही समुद्रावर आहेत. एक घनमीटर समुद्राचे पाणी गोडे करण्यास साधारण तीन ते चार युनिट वीज लागते, तर एक किलो हायड्रोजन बनवण्यास पन्नास युनिटांहून अधिक. म्हणजे किलोमागे लागणाऱ्या वीस लिटरच्या निःक्षारीकरणाचा वीजभार एकूण विजेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी येतो. किनाऱ्यावरील उद्योगाने खर्चाची सबब सांगून नदीचे पाणी मागावे, याला आधार उरत नाही. तुतीकोरिनच्या कारखान्यांना श्रीवैकुंठम बंधाऱ्यावरून तामिरबरणीचे पाणी देण्याचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. त्यात नव्या मागणीची भर पडू नये, एवढे शहाणपण अपेक्षित आहे. अर्थात गोडे पाणी काढल्यावर उरणारे दाट खारे पाणी किनाऱ्यालगतच सोडले, तर मासेमारांच्या उपजीविकेवर गदा येऊ शकते. ते किती खोल आणि किती दूर सोडायचे, याची अट परवान्यातच हवी.

किनाऱ्यापासून दूरच्या प्रकल्पांसाठी शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी आहे. त्याचा अनुभव राजधानीतच आहे: दिल्लीतील प्रगती वीज केंद्राने दिल्ली गेट व सेन नर्सिंग होम येथील केंद्रांतून आलेले असे पाणी वापरले. नागपूरच्या भांडेवाडीतून कोराडीच्या संचांना ते मिळते. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना या पाण्याचा वापर बंधनकारक केला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यातील २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होत होती. ५० लाख टन हायड्रोजनची रोजची गरज सुमारे २७४ दशलक्ष लिटर, म्हणजे प्रक्रिया झालेल्या पाण्याच्या दीड टक्क्यापेक्षाही कमी. हायड्रोजनसाठी हे पाणी आणखी शुद्ध करावे लागेल आणि वाहिन्यांचा खर्चही येईल. पण पाच-सहा दशकांपूर्वी धरणासाठी जमीन दिलेल्या गावाचे आवर्तन चुकण्यापेक्षा तो खर्च स्वस्तच आहे.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. अभियानातील १९ हजार ७४४ कोटींपैकी १७ हजार ४९० कोटी रुपये प्रोत्साहन योजनेसाठी आहेत आणि ते निविदांमधून वाटले जातात. त्या निविदांच्या अटींतच पाण्याचा स्रोत, टंचाईच्या वर्षातील पर्यायी व्यवस्था आणि दरवर्षीच्या वापराची जाहीर नोंद यांचा समावेश करता येईल. किनाऱ्यावर समुद्राचे आणि आतल्या भागात सांडपाण्याचे पाणी वापरणाऱ्यास प्राधान्य देता येईल. विजेच्या बाबतीत स्रोताचा पुरावा मागितला जातोच. पाण्याच्या बाबतीत तोच न्याय लावण्यात अडचण नाही.

कारखान्याचा पाणीकरार वीस-पंचवीस वर्षांचा असतो, शेतकऱ्याचे आवर्तन मात्र दर हंगामात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीवर अवलंबून असते. पहिल्या मोठ्या दुष्काळात या दोघांपैकी कोणाचे पाणी आधी तोडायचे, याचा निर्णय करारावर सह्या होण्यापूर्वीच लेखी झाला पाहिजे. तो तेव्हा झाला नाही, तर दुष्काळाच्या वर्षी तो जिल्हाधिकाऱ्याला पोलीस बंदोबस्तात घ्यावा लागेल.