खोल श्वासाने फुप्फुसं मोठी होतात का?

कोविडच्या लाटा ओसरल्या, पण तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत कपाटावर राहून गेलं. त्यात अनेक जण जोरजोरात फुंकायचे. खरं तर ते हवा ओढायचं यंत्र आहे. नळी तोंडात धरून श्वास आत घेतला, की सेकंदाला ६०० मिलिलिटरच्या वेगाला पहिला चेंडू उचलला जातो, ९०० ला दुसरा आणि १२०० ला तिसरा. शस्त्रक्रियेनंतर किंवा न्युमोनियातून उठताना त्याचा हेतू सरळ आहे: मिटलेले वायुकोश पुन्हा उघडायचे. पण धडधाकट माणसाने रोज दीर्घश्वसन केलं तर त्याला काय मिळतं?

फुप्फुसं मोठी होत नाहीत, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. पंचविशीपर्यंत त्यांची वाढ पूर्ण होते. पुढे वयानुसार, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटत जाते. मात्र फुप्फुसं स्वतःहून हवा ओढत नाहीत. लोहाराचा भाता हलवायला हात लागतो, तसा इथे श्वासपटल आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचा जोर लागतो, आणि स्नायू कुठल्याही वयात तयार करता येतात. काही आठवड्यांच्या नियमित सरावानंतर निरोगी लोकांच्या चाचण्यांत जी सुधारणा दिसते, ती बहुतेक याच स्नायूंची असते: फुंकरीचा जोर, श्वास रोखून धरण्याचा वेळ, छातीचा फुलावा.

दुसरा फायदा साध्या हिशेबाचा आहे. आपण बसल्या जागी दर श्वासाला सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० मिलिलिटर श्वासनळ्यांतच राहते, तिचा रक्ताशी संबंधच येत नाही. मिनिटाला १२ श्वास घेतले तर कामी येते ४२०० मिलिलिटर. तीच सहा लिटर हवा १००० मिलिलिटरच्या सहा संथ श्वासांत घेतली, तर कामी येते ५१०० मिलिलिटर. शिवाय फुप्फुस ताणलं गेलं की वायुकोशांच्या भिंतीतल्या पेशी एक स्निग्ध द्रव सोडतात. त्यामुळे वायुकोश मिटत नाहीत. नकळत अधूनमधून येणारा मोठा सुस्कारा शरीर याचसाठी टाकत असतं.

तरीही ‘रक्तात भरपूर ऑक्सिजन’ हा दावा मला पटत नाही. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने ९५ टक्क्यांच्या वर भरलेलंच असतं. त्यात आणखी भरायला जागा किती? श्वासाच्या अभ्यासाची आपली परंपरा जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातच, नेवाशाला, १२९० मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचं सविस्तर वर्णन आहे. हा अभ्यास प्रयोगशाळेत नेला तो स्वामी कुवलयानंदांनी. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, ‘योगमीमांसा’ नियतकालिक काढलं आणि प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही, असं मोजमापाच्या आधाराने मांडलं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मातीत झालेलं हे काम मराठी वाचकाला माहीत असायला हवं.

मोजमापाबद्दल थोडं बोलायला हवं. फुंकरीवरून फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात आणि तंत्रज्ञ ओरडतो, ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!’ पहिल्या खेपेला माणूस बावचळतो, तिसऱ्या खेपेला आकडा वाढतो, आणि त्यात फुप्फुसांचा काहीच पराक्रम नसतो. म्हणूनच सराव न करणाऱ्यांचा गट शेजारी ठेवून केलेला अभ्यासच मी विश्वासाचा मानतो.

संथ श्वासाचा मोठा परिणाम फुप्फुसांबाहेर, हृदय आणि मज्जासंस्थेवर दिसतो. इटलीत लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे ॐ’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास स्थिरावला आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक सजग झाली. हा अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

जोरजोरात भराभर श्वास घेणं वेगळं. त्यात कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. ती ‘शक्ती चढल्याची’ खूण नव्हे, तिथे थांबावं.

करून पाहायचं तर ताठ बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पोट वर उचललं गेलं पाहिजे, खांदे नव्हेत. पाच-दहा मिनिटं पुरे. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ऊसतोडीच्या हंगामात शेजारच्या रानात पाचट पेटलेलं असेल, तर सरावाला गच्चीवर जाऊ नका. खोल श्वास धुरातले बारीक कण आणखी आत नेतो.