पहिलं पान खरं असू द्या
बाळ सोपवणारी आई, ते वाढवणारं घर आणि पुढे आपलं मूळ विचारणारं मूल. दत्तकविधानातल्या या तिघांचं भलं एकाच फाईलवर अवलंबून असतं.

मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी वरचेवर येते. कुठे नाल्याकाठी, कुठे देवळाच्या ओट्यावर, कुठे उसाच्या फडालगत नवजात अर्भक सापडतं. पोलीस पंचनामा करतात, बाळ रुग्णालयात जातं, अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल होतो. बातमी तिथं संपते. बाळाची सरकारी फाईल मात्र तिथूनच सुरू होते आणि तिच्या पहिल्या पानावर असतो तो पंचनामा. आईचं वय, घराण्यातले आजार, गरोदरपणात तिला काय सोसावं लागलं, बाळ सोडण्याची वेळ का आली, यातलं अक्षरही त्या पानावर नसतं. वीस वर्षांनी हेच मूल मोठं होऊन आपलं मूळ विचारायला आलं, तर त्याच्यापुढे ठेवायला तेवढा एकच कागद उरतो.

दुसरा रस्ता आहे. तो कायदेशीर आहे, विनाशुल्क आहे आणि गुप्त आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात 'साकार' ही संस्था आणि पुण्याच्या भारतीय समाज सेवा केंद्राची शाखा वर्षानुवर्षं दत्तकाचं काम करत आल्या आहेत. शेजारी अहिल्यानगरला 'स्नेहालय'चं 'स्नेहांकुर' केंद्र कुमारी मातांच्या मागे उभं राहतं. तरीही अडचणीतल्या मुलीला हा रस्ता वेळेवर कुणी दाखवत नाही. दत्तकाविषयी बोलताना आपण मूल घेणाऱ्यांचं कौतुक करतो आणि सुरुवात जिच्यापासून होते, तिला वगळतो. म्हणून या लेखाची सुरुवात तिच्यापासून.

आईसाठी असलेला रस्ता

बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे मूल सांभाळणं ज्यांना शक्य नाही, असे आईवडील ते बाल कल्याण समितीकडे सोपवू शकतात. प्रत्येक जिल्ह्यासाठी अशी समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची सही पुरते. ती स्वतः अल्पवयीन असेल तर सोबतचं मोठं माणूस साक्षीदार म्हणून सही करतं. विवाहित जोडपं असेल तर दोघांनीही सही करायची असते. त्याआधी समुपदेशन व्हावं लागतं, आणि त्यात मूल स्वतःकडे ठेवण्याचे पर्यायही सांगावे लागतात.

हे पर्याय नुसते सांगण्यापुरते राहू नयेत. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची तरतूद आहे. केवळ पैशांअभावी एखादी आई बाळ देत असेल, तर तिच्यासमोर आधी या योजनांचे अर्ज ठेवले पाहिजेत. गरिबी हे आई-मुलाची ताटातूट करण्याचं कारण होऊ नये.

सही झाल्यावरही दार लगेच बंद होत नाही. आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. या काळात मन बदललं, घरच्यांनी स्वीकारलं, तर ती बाळ परत नेऊ शकते. मुदत संपली की समिती बाळाला दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त जाहीर करते. सोपवलेल्या बाळाची जाहिरात वर्तमानपत्रात देत नाहीत. आपण पाहतो त्या फोटोसह आवाहनाच्या जाहिराती सापडलेल्या बाळांच्या असतात. त्यांच्या पालकांचा शोध घ्यावाच लागतो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या बाबतीत या शोधाला दोन महिने आणि मोठ्या मुलाच्या बाबतीत चार महिने दिलेले आहेत.

आईला सर्वांत जास्त भीती पोलिसांची असते. परिस्थितीपुढे नाइलाज झालेल्या जन्मदात्यांनी मूल सोडलं, तर ते मुद्दाम केलेलं मानू नये, असं याच कायद्याचं कलम ७५ सांगतं. अठराच्या आतल्या मुलीचं प्रकरण अधिक अवघड असतं, कारण पोक्सो कायद्यामुळे रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं. त्या धास्तीनं घरचे लोक मुलीला दवाखान्यात नेतच नाहीत आणि आई-बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. अशा घराला आधी धीर देणारं माणूस भेटलं पाहिजे.

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

महाराष्ट्राला हे नव्यानं शिकायचं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे त्यांनीच ठरवावं, अशी त्यामागची व्यवस्था होती. १८७४ मध्ये याच गृहात बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस केलं, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणत राहिल्या. पंढरपुरात १८७५ मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं बालकाश्रम उभा राहिला आणि प्रार्थना समाजानं तो चालवला.

फुले दांपत्यानं आईला जाब विचारला नाही, तिला छप्पर दिलं. आणि यशवंतच्या आईचं नाव लपवलं नाही. म्हणून दीडशे वर्षांनंतरही आपल्याला काशीबाई माहीत आहे. आजच्या कायद्यात जे चांगलं आहे, त्याचं बीज या दोन गोष्टींत आहे.

'शंभराच्या बाँडवर लिहून घेतलं'

मराठवाड्यात अजूनही हे वाक्य ऐकू येतं. ओळखीच्या दवाखान्यात कुणाची तरी नको असलेली प्रसूती होते, मध्यस्थ दोन घरांची गाठ घालून देतो, स्टॅम्पपेपरवर सह्या होतात. काही ठिकाणी याहून वाईट घडतं. जन्मनोंदीतच आई म्हणून मूल नेणाऱ्या बाईचं नाव घातलं जातं.

हे दत्तक नव्हे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे हिंदू कुटुंबं आपसांत दत्तक देऊ-घेऊ शकतात, पण त्याच्या अटी आहेत आणि मुलाची किंमत घेणं त्यातही निषिद्ध आहे. परस्पर दिलेल्या-घेतलेल्या मुलासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाच्या खरेदी-विक्रीला कलम ८१ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्यात रुग्णालयातलं कुणी सामील असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षांची होते.

शिक्षेपेक्षाही मोठं नुकसान मुलाचं होतं. त्याचं पहिलं पान कोरंही राहत नाही, ते खोटं होतं. कोऱ्या पानावर निदान 'माहीत नाही' असं कळतं. खोट्या पानाचा उलगडा बहुधा वारसाच्या भांडणात किंवा एखाद्या रक्तचाचणीत होतो आणि तोवर विचारायला कुणी उरलेलं नसतं.

इतर देश आज याची किंमत मोजताहेत. कागदपत्रांतले गैरप्रकार चौकशीत समोर आल्यावर नेदरलँड्सनं फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशातून दत्तक घेणं थांबवलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं, की आईवडील हयात असलेल्या मुलांनाही कागदोपत्री अनाथ दाखवून परदेशी धाडलं गेलं होतं.

रांगेतले आईबाबा

दत्तक घेणाऱ्यांची नोंदणी आता केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या संकेतस्थळावरच होते. संस्थेच्या कार्यालयात ओळख लावून मूल मिळत नाही. सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन पाहणी करते. हा अहवाल तीन वर्षं चालतो. त्यानंतर क्रमानं मूल सुचवलं जातं. ते ४८ तासांत राखून ठेवायचं आणि त्याला भेटून, हवं तर आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन निर्णय कळवायचा.

जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर दोघांच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे नसावी. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. बाल न्याय कायद्याखाली दत्तक घ्यायला धर्माची अट नाही. मुस्लिम किंवा ख्रिस्ती जोडप्यालाही याखाली आईबाप होता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये, आधीच्या बाल न्याय कायद्याच्या संदर्भात, शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केलं. आपल्या मिश्र वस्तीच्या शहरात हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

रांग लांब आहे. २०२४-२५ मध्ये देशातली ४,५१५ मुलं दत्तक गेली. हा बऱ्याच वर्षांतला उच्चांक होता. तरी २०२५ च्या मध्याला सुमारे ३६ हजार पालक वाट पाहत होते आणि दत्तकासाठी मुक्त मुलं अडीच हजारांच्या आसपास होती. त्यांतली बरीच मोठ्या वयाची किंवा विशेष गरजा असलेली होती, आणि बहुतेक पालकांना हवं असतं तान्हं, निरोगी बाळ. साडेतीन वर्षांच्या प्रतीक्षेत माणूस कंटाळतो आणि मध्यस्थ नेमका तेव्हाच दारात येतो. तेव्हा त्या घराला कुणीतरी सांगायला हवं, की हा विलंब त्यांच्या होणाऱ्या मुलाच्या खऱ्या कागदांसाठी आहे.

दत्तकाचा अंतिम आदेश कोण देणार, यावरूनही गोंधळ झाला. १ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. मात्र राज्यातली दत्तक प्रकरणं न्यायालयांनीच चालवत राहावीत, असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये दिला. पालकांनी याची ताजी स्थिती आपल्या संस्थेकडून समजून घ्यावी.

घरी आल्यानंतर

मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी संस्थेची कार्यकर्ती भेट देते. काही घरांना ही तपासणी वाटते, पण ती मदत आहे. चार वर्षांचं मूल पोटभर जेवल्यावरही पोळी उशीखाली लपवतं, रात्री कुणाला बिलगत नाही, किंवा अनोळखी माणसाच्या कडेवर पटकन जातं. या सगळ्याला कारणं असतात. ती समजावून सांगणारं कुणी नसेल तर आईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

या घरांना वेळही हवा. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायदा सुधारला, तेव्हा दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा ठरली, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. बाळ मुक्त जाहीर व्हायलाच दोन महिने लागतात, मग नोंदणी, निवड, भेट. म्हणजे नियमानं चालणाऱ्या आईच्या हाती ही रजा जवळपास येऊच नये, अशी ती अट होती. मुलाचं वय कितीही असो, त्याला नव्या घरात रुळायला दिवस लागतातच.

मूल विचारतं तेव्हा

मुलाला सांगायचं कधी? समुपदेशकांचं सांगणं साधं आहे. ते समजण्याच्या वयाआधीपासून, गोष्टीसारखं, थोडं थोडं सांगा. शेजारणीच्या किंवा आतेभावाच्या तोंडून कळलं, तर मुलाला दत्तक असण्यापेक्षा फसवलं गेल्याचं दुःख अधिक होतं. ऑस्ट्रेलियाच्या माजी क्रिकेट कर्णधार लिसा स्थळेकर यांचा जन्म १९७९ चा, पुण्याचा. ससून रुग्णालयाशी निगडित 'श्रीवत्स'मधून त्यांना मराठी वडील आणि इंग्रज आईच्या घरानं दत्तक घेतलं. त्या याविषयी उघडपणे बोलतात. अशी उदाहरणं शाळांतून, पालकसभांतून सांगितली गेली पाहिजेत.

मूळ शोधण्याचा हक्क २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः, त्याआधी पालकांसोबत, अर्ज करू शकते. जन्मदात्रीनं नाव उघड करू नका असं सांगितलं असेल, तर तिच्या संमतीशिवाय ते दिलं जात नाही. पण तिची परिस्थिती आणि वैद्यकीय माहिती मिळू शकते. तिचं गुपित आणि मुलाचा हक्क, दोन्ही सांभाळणारी ही तरतूद आहे. तिचा उपयोग मात्र तेव्हाच, जेव्हा पहिल्या दिवशी कुणीतरी त्या आईजवळ बसून सगळं नीट लिहून घेतलेलं असतं.

शहरानं काय करावं

बाळ ठेवून जाण्यासाठी संस्थांच्या दारात लावलेला पाळणा बाळाचा जीव वाचवतो, तो राहायलाच हवा. पण पाळण्यातल्या बाळाचं पानही कोरंच असतं, म्हणून पाळण्याच्या आधी आई भेटली पाहिजे. घाटी रुग्णालयासह प्रत्येक प्रसूतिगृहात, गावोगावच्या उपकेंद्रात १०९८ हा बालमदत क्रमांक आणि बाल कल्याण समितीचा पत्ता मराठी, हिंदी, उर्दूत लावावा. आशा कार्यकर्त्यांना दोन तासांचं प्रशिक्षण द्यावं. मूल सोपवून गेलेल्या आईसाठी निदान वर्षभर समुपदेशन सुरू ठेवावं, कारण सही झाली की तिची विचारपूस करणारं कुणी उरत नाही. दत्तक घरांसाठी महिन्यातून एकदा भेटीगाठी व्हाव्यात आणि मोठ्या झालेल्या दत्तक मुलांनी त्यांत बोलावं.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महापालिका आणि रुग्णालयांनी एकत्र बसून ठरवलं, तर कामाला महिन्याभरात सुरुवात होऊ शकते. ती व्हावी, अशी या शहरातला एक नागरिक म्हणून माझी आग्रहाची मागणी आहे.