स्किन वॉर्डातली पानं

सकाळी 6:15. मावशी मंडईतूनच ड्यूटीवर येतात. काखेत केळीच्या पानांचा जुडा, दीडशे रुपयांचा. पैसे पेशंटच्या भावाने द्यायचे, पण त्याचा खिसा कालच रिकामा झालाय. सध्या मावशींनी भरलेत. ठेकेदाराकडून त्यांचा मागच्या महिन्याचा पगार अजून यायचाय.

7:00. पानं धुवायची, पुसायची. मधला दांडा सुरीने तासून सपाट करायचा. तो रुतला तर कातडी तिथेच सुटते. मावशी प्रत्येक पानावरून बोट फिरवून बघतात. चादर ओल्या अंगाला चिकटते, पान चिकटत नाही. गारही राहतं.

8:00. चौघांनी मिळून पेशंटला उचलून पानांवर ठेवायचं. पेशंट पंचविशीतला हमाल. फिटसाठी कार्बामाझेपिन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. आधी ताप आला, डोळे लाल झाले, तोंड आलं. मग अंगभर चट्टे. घरच्यांना वाटलं, गोवर. उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला आणि गोळी मात्र वेळेवर देत राहिले. गोळी चुकवायची नाही, असं बजावलेलंच होतं.

10:00. राउंड. पेशंटचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. त्या मापाने डॉक्टर सोललेला भाग मोजतात. गोळीच्या या रिअ‍ॅक्शनचं नाव त्यावरच ठरतं: दहा टक्क्यांच्या आत स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, तिसाच्या वर टेन, म्हणजे टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. हा मधेच, अठरावर.

12:00. सिस्टर डोळ्यांत थेंब घालतात. दर दोन तासांनी. पापणी आतून बुबुळाला चिकटली तर नजर जाऊ शकते.

1:00. ओठांवर काळी खपली, घास जात नाही. नळीतून पातळ पेज. मावशींचा डबा अजून बंदच.

2:30. भाऊ विचारतो, "मावशी, मग फिटची गोळी बंदच का?"

"डॉक्टरांना विचार बाबा."

डॉक्टर सांगतात, "बंद नाही, दादा. बदललीय. आता लेव्हेटिरासिटाम." केसपेपरवर लाल शाईने लिहिलंय: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन देऊ नये. एकीची रिअ‍ॅक्शन आली की बाकीच्या दोघींचीही येऊ शकते. तीच नावं चिठ्ठीवर लिहून भावाच्या हातात.

3:00. ड्यूटी संपली. दीडशे रुपये अजून यायचेत.

घरात कुणाला फिटची नवी गोळी सुरू झाली असेल, तर पहिले दोन महिने अंगावर लक्ष ठेवा. पुरळ दिसलं तर गोळीचं पाकीट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.