बाकावरचा बोलका सोबती

आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एटिएन लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. वर्गात नेमके हेच घडते. दोघांची कुजबुज चालू असते, म्हणून तिसरा मोठ्याने बोलतो आणि बघता बघता वर्गाचा मासळीबाजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या शिफारशीनुसार तास चालू असताना पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत हवा.

मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात नावे लिहायची, कोणी पुन्हा बोलला की नावापुढे फुली, ही पद्धत बंदच व्हावी. त्यात बडबड थांबत नाही, मैत्री मात्र तुटते. याहून कडक उपाय तर नकोतच: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नेच मनाई केली आहे.

शिक्षकांना मात्र काही करता येते. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. साहजिकच बोलकी मुलेच बाजी मारतात. तीन सेकंद थांबले, की एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात.

आणि बडबड्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्याने काय करावे? चिडून गप्प बसू नये. ‘एवढं उतरवून घेऊ दे, मधल्या सुट्टीत सगळं ऐकतो,’ असे सरळ सांगावे आणि सुट्टीत खरोखर ऐकावे. तरीही जमेना, तर बाईंना एकटे गाठून जागा बदलून मागावी. ही चहाडी नव्हे.